अंदमानला बिऱ्हाड हलवताना

अंदमानला बदली झाल्याचं कळलं की अभिनंदनाचे फोन सुरू होतात. निळं पाणी, पांढरी वाळू, सेल्युलर जेल. नातेवाईक तर दिवाळीच्या सुट्टीच्या तारखाही ठरवून टाकतात. पण ज्यांना तिथे खरोखर राहायचं आहे, मुलांना शाळेत घालायचं आहे, आजारपणं काढायची आहेत आणि सणवार करायचे आहेत, त्यांना कामाची माहिती फारशी कुणी देत नाही. नौदल, तटरक्षक दल, बँका, केंद्र सरकारची कार्यालयं, हॉटेलं, बांधकामं अशा कुठल्या ना कुठल्या निमित्तानं दर वर्षी मराठी कुटुंबं तिकडे जातात. पहिल्यांदाच बेटावर राहायला निघालेल्या अशा कुटुंबांसाठी हे लिहीत आहे.

आधी नकाशा उघडा. पोर्ट ब्लेअर चेन्नईपासून सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे आणि कोलकात्यापासूनही जवळपास तितकंच. मधे फक्त समुद्र. कांदा, सिमेंट, डिझेल, शाळेची पुस्तकं, फ्रिजचा सुटा भाग, सगळं याच समुद्रावरून जहाजानं येतं. तिकडचे लोक उरलेल्या भारताला ‘मेनलँड’ म्हणतात आणि मेनलँडहून जहाज कधी येणार यावर बाजाराचे भाव ठरतात. पुण्यात किंवा नागपुरात एखादी गोष्ट संपली की आपण दुकानात जातो. बेटावर खिशात पैसे असूनही ती गोष्ट दोन आठवडे मिळत नाही, असं होऊ शकतं. तुमची सगळी तयारी या एका वस्तुस्थितीला धरून व्हायला हवी. कशासाठी थांबता येईल आणि कशासाठी एक दिवसही थांबता येणार नाही, याची वाटणी घर आवरायला घेण्यापूर्वी करा.

आणखी एक सूचना आधीच देतो, कारण कागदपत्रांत तिचा गोंधळ होतो. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. बोटीचं तिकीट, बँकेचा पत्ता, जुने नकाशे आणि लोकांचं बोलणं यांत दोन्ही नावं चालू आहेत. फॉर्म भरताना नवं नाव लिहा आणि रस्ता विचारताना जुनं घ्या. इथे मी लोकांच्या तोंडचं नाव वापरतो.

एकानं पुढे जावं

निवड तुमच्या हातात असेल, तर नवरा-बायकोपैकी ज्याची बदली झाली आहे त्यानं आधी एकट्यानं जावं आणि घर लागल्यावर कुटुंबाला बोलवावं. यात दोन बिऱ्हाडांचा खर्च महिना-दोन महिने सोसावा लागतो, तरी तो सोसा. मेनलँडहून फोनवर ठरवलेलं घर आणि पाणी, चढ, ओल पाहून घेतलेलं घर यांत फार फरक पडतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांनी आस्थापना विभागाकडे तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. आधीच्या ठिकाणचं सरकारी निवासस्थान कुटुंबासाठी ठेवता येतं का, बेटांसाठीचा विशेष भत्ता किती आणि बदली अनुदान किती. सातव्या वेतन आयोगानंतर बदली अनुदान एरवी मूळ वेतनाच्या ८० टक्के असतं आणि अंदमान-निकोबार व लक्षद्वीपसाठी १०० टक्के मिळतं. कित्येकांना हे माहीतच नसतं.

कधी जायचं, हेही जमलं तर ठरवून घ्या. मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरतात तोच ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो आणि तो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीकराला हा आकडा नवा नाही. नवं आहे ते हे की, आपल्याकडे चार महिन्यांत कोसळणारा पाऊस तिथे सात-आठ महिने पुरवून पुरवून पडतो. जानेवारी ते एप्रिल कोरडे महिने. घर लावायला जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगले, कारण समुद्र शांत असतो, जहाजं वेळेवर येतात आणि सामान भिजत नाही. शाळेचं वर्षही एप्रिलमध्ये सुरू होतं.

दिवसाच्या वेळा मात्र कुठल्याही महिन्यात गेलात तरी अंगवळणी पाडून घ्याव्या लागतात. अंदमानचे रेखांश आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आणि घड्याळ मात्र सगळ्या भारताचं. त्यामुळे जूनमध्ये पहाटे पाचच्या आधी लख्ख उजाडतं आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. सातला रात्र गडद झालेली असते. बाजार, दवाखाना, मुलांचं खेळणं, पोहणं हे सगळं अलीकडे ओढा. साडेनऊला झोपून साडेचारला उठणारं घर तिथे सुखी राहतं. रात्री अकराला जेवणाऱ्या मुंबईकरानं ही सवय निघण्यापूर्वीच बदलायला घ्यावी. जाड पडदे जरूर न्या, नाहीतर लहान मुलं पाचला उठून बसतात.

काय न्यावं, काय ठेवावं

बेटावर सामानाचा खरा शत्रू दमट हवा आहे. वर्षातले बहुतेक दिवस हवेतली आर्द्रता ७० ते ९० टक्क्यांच्या घरात असते आणि वाऱ्यात मीठ असतं. कोकणातल्या माणसाला याची थोडी तरी सवय असते. सोलापूर, नगर, अकोल्याहून जाणाऱ्याला सुरुवातीला आपल्याच वस्तू ओळखू येत नाहीत. चामड्याच्या बुटांवर आठवड्यात पांढरी बुरशी येते, कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशीचे धागे पसरतात, पुस्तकांची पानं चिकटतात, मिठाला पाणी सुटतं.

म्हणून सामान बांधतानाच निवड करा. लाकडाचा भुसा दाबून केलेलं फर्निचर, म्हणजे हल्लीची स्वस्त कपाटं आणि टेबलं, नेऊ नका. ती फुगतात आणि पहिल्या पावसाळ्यातच दारं लागेनाशी होतात. सागवानी जुनं कपाट असेल तर टिकेल, पण त्याचं वजन आणि वाहतूक पाहता तेही सासरी-माहेरी ठेवलेलं बरं. पलंग, खुर्च्या तिथे वेताच्या किंवा स्थानिक लाकडाच्या मिळतात. अंदमानचा पडौक नावाजलेला आहे. तो घेतलात तर पावत्या जपून ठेवा, कारण परत येताना लाकडी सामान बाहेर काढायला वनखात्याची परवानगी लागते. पैठणी आणि जरीच्या साड्या आईकडे ठेवा. दमट हवेत जर काळी पडते. एखादी न्यायचीच असेल, तर मऊ सुती कापडात गुंडाळा आणि कोरड्या महिन्यांत मधूनमधून उलगडून वारा द्या. घराची, जमिनीची मूळ कागदपत्रं महाराष्ट्रातल्याच बँक लॉकरमध्ये राहू द्या. बरोबर प्रती आणि डिजीलॉकर पुरेसं आहे.

न्यायलाच हव्यात अशा गोष्टी दिसायला क्षुल्लक असतात. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे मोठे डबे, सिलिका जेलच्या पुड्या, कापूर, डांबराच्या गोळ्या. प्रेशर कुकरच्या दोन जास्तीच्या रिंगा आणि शिट्ट्या. तुमच्या मिक्सरच्या भांड्याचे वायसर. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे फिल्टर. चष्म्याची दुसरी जोडी, आणि घरात वृद्ध असतील तर श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. तुमच्या घरातल्या प्रत्येक यंत्राकडे पाहून स्वतःला विचारा की यातला कोणता भाग आधी जातो. तो भाग बरोबर घ्या. रेनकोट आणि छत्री तिथेही मिळते. मात्र लहान मुलांच्या मापाचे गमबूट इथूनच न्या.

वाहतूक अशी होते. सामान ट्रकनं चेन्नईला जातं, तिथून कंटेनरमध्ये भरून जहाजानं पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्यावर उतरतं. ‘दहा दिवसांत पोचवू’ असं सांगणारे भेटतील, पण तुम्ही महिना धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे महिनाभर चालेल असा संसार तुमच्याबरोबर विमानात हवा: औषधं, दोन पातेली, एक छोटा कुकर, चादरी, मुलांची पुस्तकं, शाळेचे दाखले. प्रत्येक खोक्यात आधी जाड प्लास्टिकची पिशवी घालून मग सामान भरा आणि विमा काढा. खोक्यांवर क्रमांक लिहून त्यात काय आहे याची वही ठेवा, हा आग्रह मी धरतो. सामान टप्प्याटप्प्यानं आलं तर काय राहिलं हे त्याशिवाय सांगता येत नाही.

गाडीचा विचार वेगळा करावा. शहर डोंगराळ आहे, रस्ते अरुंद, अंतरं लहान. दुचाकी सर्वांत सोयीची. चारचाकी न्यायची असेल, तर आपल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. दुसऱ्या ठिकाणी बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची, तर मोटार वाहन कायद्यानुसार तिथे नव्यानं नोंदणी करावी लागते, आणि मग इथे भरलेल्या रस्ताकराच्या उरलेल्या रकमेचा परतावा मागता येतो. नेण्यापूर्वी खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप द्या.

घर पाहताना आधी टाकी पाहा

एवढा पाऊस पडणाऱ्या गावी पाण्याची टंचाई असते हे कुणाला खरं वाटत नाही. पण पोर्ट ब्लेअरचा पुरवठा मुख्यतः धनीखारी धरणावर आहे. डोंगर उतरता, बेट अरुंद, पाणी वाहून समुद्राला मिळतं. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत नळाला एक दिवसाआड, कधी तीन दिवसांनीही पाणी येतं. तेव्हा घर पाहायला गेलात की आधी टाकी किती लिटरची आहे ते विचारा, मग खोल्या पाहा. चौघांच्या घराला १,००० लिटरची टाकी कमीत कमी हवी, दोन असतील तर उत्तम. छपराच्या पन्हळीचं पाणी टाकीत घेण्याची सोय आहे का, हेही बघा. घरमालक सांगेल त्यापेक्षा शेजारीण सांगेल ते खरं माना: एप्रिलमध्ये पाणी किती दिवसांनी आलं होतं, एवढंच तिला विचारा. पाणी उकळूनच प्या.

समुद्र दिसणारं घर घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. खारा वारा थेट आत येतो, ग्रिल, पंखे आणि एसीचं बाहेरचं यंत्र वर्ष-दोन वर्षांत खाऊन टाकतो, आणि वादळात खिडक्यांतून पाणी येतं. एका डोंगराआड, चढावर, वारा खेळेल असं घर बघा. गाराचरमा, डॉलीगंज, डेलानीपूर, हॅडो, जंगलीघाट अशा वस्त्यांत नोकरदार मंडळी राहतात. खाडीला लागून असलेली सखल जागा टाळा. तिथे डासही जास्त, आणि दुसरं कारण पुढे येईलच.

ही बेटं देशाच्या वीजजाळ्याला जोडलेली नाहीत. वीज अजून मोठ्या प्रमाणात डिझेल जनित्रांवर तयार होते, सौर ऊर्जेचा वाटा हळूहळू वाढतो आहे. वीज जाते, दाबही कमी-जास्त होतो. फ्रिजला स्टॅबिलायझर आणि घराला इन्व्हर्टर ही तिथे गरजेचीच सोय आहे. इंटरनेटचं चित्र मात्र पार पालटलं. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्रतळातून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. त्याआधी सगळा भार उपग्रहावर होता. आता पोर्ट ब्लेअरमध्ये घरून काम करणंही शक्य आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा आणि लहान बेटांवर जाताना रोख रक्कम बाळगा.

स्वयंपाकघराची काळजी बायका मंडळी उगाचच जास्त करतात असं पुरुष म्हणतात. माझ्या मते ती रास्त आहे, फक्त योग्य जागी करायला हवी. अ‍ॅबर्डीन बाजारात डाळ-तांदूळ, पीठ, तेल सगळं मिळतं, मेनलँडपेक्षा महाग. कांदे, बटाटे, टोमॅटो बरेचसे जहाजानं येतात. समुद्र खवळला आणि जहाज अडलं की भाव चढतात. ताजं दूध आपल्यासारखं दारात येईलच असं नाही, टेट्रापॅक आणि दुधाची भुकटी घरात असावी. याउलट नारळ, केळी, पपई, अननस, पालेभाज्या आणि मासळी स्थानिक. सुरमई, कोळंबी, खेकडे इतके ताजे मिळतात की मालवणी माणूस खूश होईल. जेवणाचा साचा या बाजूला वळवा. पोळी-बटाट्याच्या भाजीचा आग्रह धरणारं घर महिनाअखेरीस हिशेब करत बसतं. नाचणी, भाजणी, गोडा मसाला, आमसुलं इथून न्यायची तर अर्धा-अर्धा किलोची हवाबंद पाकिटं करा. एकदा उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवा, कारण भाजणीला तिथे लवकर कीड लागते. वर्षाचं वाण भरून ठेवण्याची आपली जुनी रीत मात्र विसरा. तिथे ती नुकसानीची आहे.

आजारपण

सगळ्यांत जास्त विचार इथे करा. पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत रुग्णालय आहे, त्याला जोडून २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नौदलाच्या मंडळींसाठी धन्वंतरी हे रुग्णालय. रोजच्या आजारांना, बाळंतपणाला, साध्या शस्त्रक्रियांना अडचण येत नाही. पण काही गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णाला चेन्नईला किंवा कोलकात्याला पाठवतात. विमानानं दोन-अडीच तास, पण विमान मिळालं तर. खराब हवेत ते रद्दही होतं.

यातून निघणारी कामं अशी. जायच्या आधी सगळ्या कुटुंबाचे दात तपासून घ्या, राहिलेल्या शस्त्रक्रिया उरका, रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांची नीट तपासणी करा. रोजची औषधं तीन महिन्यांची न्या आणि एका महिन्याचा साठा शिल्लक असतानाच पुढची मागवायची असा नियम करा. औषधाच्या व्यापारी नावाऐवजी मूळ द्रव्याचं नाव लिहून ठेवा, म्हणजे पर्याय मिळतो. आरोग्य विमा चेन्नई आणि कोलकात्याच्या कोणत्या रुग्णालयांत रोख न भरता चालतो, ती यादी छापून घरात लावा. घरात कुणाचा रक्तगट दुर्मीळ असेल, तर पोचल्याबरोबर रुग्णालयाच्या रक्तपेढीत सांगून ठेवा. घरात कुणाला दिवस गेले असतील, तर बाळंतपण कुठे हे सहाव्या महिन्याच्या आत ठरवा. शेवटच्या आठवड्यांत विमान कंपन्या प्रवास करू देत नाहीत आणि जहाजाचा तीन दिवसांचा प्रवास त्या अवस्थेत करू नये. ज्यांना नियमित डायलिसिस, कर्करोगाचे उपचार किंवा हृदयाची वारंवार तपासणी लागते अशा आई-वडिलांना बरोबर नेण्याचा निर्णय भावनेच्या भरात घेऊ नका. डॉक्टरांशी बोला आणि गरज पडली तर बदली पुढे ढकलण्याचा अर्ज करा. तसा अर्ज करणं ही कमीपणाची गोष्ट नाही.

तिथले म्हणून ओळखले जाणारे दोन आजार लक्षात ठेवा. हिवताप, विशेषतः निकोबारकडे, आणि लेप्टोस्पायरोसिस. दुसऱ्याची ओळख मुंबईला २००५ च्या पुरानंतर झाली, सिंधुदुर्गातही तो आहे, पण अंदमानात तो कित्येक वर्षं ठाण मांडून आहे. उंदरांच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून तो जखमेवाटे शरीरात शिरतो. पावसाळ्यात मुलांना अनवाणी हुंदडू देऊ नका. ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं दिसलं तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मच्छरदाणी बरोबर न्या, आपल्याकडच्या शिवलेल्या दाट जाळीच्या मच्छरदाण्या चांगल्या.

शाळा

शाळा बहुतांश सीबीएसईच्या आहेत. दोन केंद्रीय विद्यालयं आहेत, नौदलाची शाळा आहे, सरकारी शाळांत हिंदी-इंग्रजीखेरीज बंगाली, तमिळ, तेलुगू माध्यमंही आहेत. राज्य मंडळातून जाणाऱ्या मुलांसाठी वर्ष महत्त्वाचं. सीबीएसईची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, त्यामुळे थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश घेणं अवघड असतं. मूल नववी किंवा अकरावी पार करत असेल, तर एक वर्ष ते आणि एक पालक मागे राहिलेले बरे. मराठी शाळेत मिळणार नाही. गोष्टींची पुस्तकं न्या आणि रोज रात्री मोठ्यानं वाचा. त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

समुद्र आणि जमीन

सुट्टीतल्या समुद्राशी आणि शेजारच्या समुद्राशी वागण्याची रीत निराळी. अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि त्यांनी माणसांचे बळी घेतले आहेत. जिथे मगरीची पाटी आहे तिथे पाय भिजवायलाही उतरू नका, ओढा समुद्राला मिळतो ती जागा आणि संध्याकाळची वेळ टाळा. काही किनाऱ्यांवर पोहण्यासाठी जाळीनं बंदिस्त केलेली जागा असते, तिथेच पोहा. मुलांना जाण्याआधी इथल्या तलावात पोहायला शिकवा. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या बारीक माश्या चावल्या की आठवडाभर खाज सुटते. चटई अंथरा, खोबरेल तेल चोपडा, खाजवू नका. प्रवाळावर पाय ठेवू नका, आणि शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून घरी आणू नका. वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

बेटांमध्ये सरकारी बोटी आणि खासगी जलद नौका दोन्ही चालतात. रहिवाशांसाठी सवलतीचं ‘आयलँडर’ ओळखपत्र असतं, तुम्ही त्यासाठी पात्र आहात का ते पहिल्याच महिन्यात चौकशी करून पाहा. हवा बिघडली की बोट रद्द होते. तेव्हा विमानाच्या आदल्या दिवशी हॅवलॉकला थांबू नका.

आता त्या सखल जागेचं दुसरं कारण. अंदमान-निकोबार देशातल्या सर्वांत धोक्याच्या भूकंपक्षेत्रात, पाचव्या क्षेत्रात येतं. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्रापासून अंदमानपर्यंत जमिनीखालचा शेकडो किलोमीटरचा पट्टा फाटला. निकोबारमध्ये काही मिनिटांत लाटा आल्या, ग्रेट निकोबारचं टोक चार मीटरहून जास्त खचलं, पोर्ट ब्लेअरची जमीनही जवळपास मीटरभर खाली गेली आणि सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली ती गेलीच. २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचं त्सुनामी इशारा केंद्र काम करतं आहे, त्यानं फार मोठा आधार झाला. तरीही भूकंप पायाखालीच झाला, तर इशारा यायला वेळ उरणार नाही. उभं राहणं कठीण व्हावं इतका जोराचा किंवा बराच वेळ चालणारा धक्का हाच इशारा समजायचा आणि कुणाची वाट न पाहता चढाकडे चालू लागायचं. घरापासून, शाळेपासून, कार्यालयापासून उंच जागा कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. मुलांना घेऊन तो रस्ता एकदा चालून या. कुटुंबानं कुठे भेटायचं ते ठरवा, कारण फोन चालणार नाहीत. दाराजवळ एक पिशवी असू द्या: पाणी, टॉर्च, औषधं, शिट्टी, कागदपत्रांच्या प्रती. हीच पिशवी नोव्हेंबरच्या वादळांतही कामी येते.

ज्यांच्यात राहायचं ती माणसं

पोर्ट ब्लेअरमध्ये भाषेची अडचण येत नाही. हिंदी सगळ्यांची सामाईक आहे, तिला तिथलं वळण आहे. काळ्या पाण्याची शिक्षा भोगलेल्यांचे वंशज, १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेले निर्वासित, रांचीकडून मजुरीला आलेले आदिवासी, तमिळ, तेलुगू, मल्याळी, ब्रह्मदेशातून आलेले करेन अशी ही वस्ती आहे. आपण मराठी माणसं तिथे सावरकरांच्या कोठडीची ओढ घेऊन जातो, ते योग्यच आहे. पण त्याच तुरुंगात बंगालचे आणि पंजाबचे कितीतरी जण होते, आणि १९४२ ते १९४५ या जपानी अमलात स्थानिकांनी जे सोसलं ते तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरांत अजून सांगितलं जातं. शेजाऱ्यांना त्यांच्या आजोबांबद्दल विचारा. मराठी कुटुंबं गणपतीत एकमेकांना शोधून काढतात, तिथे जा, पण फक्त तिथेच जाऊ नका. अडीनडीला धावून येणारा शेजारी बहुधा बंगाली किंवा तमिळ असतो.

आणि या सगळ्यांच्या हजारो वर्षं आधीपासून असलेले जारवा, ओंगी, ग्रेट अंदमानी, सेंटिनली, शॉम्पेन, निकोबारी. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमानं त्यांचे प्रदेश राखीव आहेत. निकोबारला जायला पास लागतो. उत्तर सेंटिनेलच्या जवळपासही फिरकायचं नाही. उत्तरेकडे बाराटांग, रंगतला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या जंगलातून जातो. जिरकाटांगहून ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हे गुन्हे आहेत, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. कारण साधं आहे. आपल्याला चार दिवस झोपवणारा आजार त्यांच्या शरीराला अनोळखी असतो, १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ येऊन गेली. पाहुणे येतील आणि ‘जारवा दाखवा’ म्हणतील. त्यांना यजमान म्हणून ठामपणे नाही म्हणा.

मागे राहिलेलं घर

शेवटचं काम महाराष्ट्रातच उरकून जायचं आहे आणि ते बहुतेकांकडून राहून जातं. आई-वडील इथे राहणार असतील, तर मध्यरात्री फोन आला तरी तुम्ही त्या दिवशी पोचाल याची खात्री नाही. पुण्याला, नागपूरला, संभाजीनगरला यायचं म्हणजे बहुधा चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं, आणि हवा बिघडली तर पहिलंच विमान उडत नाही. भावंडांना समोर बसवून स्पष्ट बोला: रुग्णालयात कोण नेईल, सही कोण करेल, पैसे कुठून काढायचे, आणि तुम्हाला वेळेत पोचता आलं नाही तर कुणी कुणासाठी थांबायचं नाही. आई-वडिलांसमोरच बोला, त्यांनाही याचं उत्तर हवं असतं. घर, शेती, बँक यांसाठी विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र करून द्या. आई-वडिलांबरोबर एक संयुक्त खातं ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांच्या ऐनवेळच्या विमानतिकिटाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिला एरवी हात लावू नका. ऐनवेळचं तिकीट नेहमीच्या कितीतरी पट असतं, आणि ते काढताना शिल्लक बघत बसण्याची वेळ येऊ नये.